बॉयलरचे कागद

लोक सूड घेतात तो कुऱ्हाडीने, कोर्टात, निदान शेजाऱ्याच्या बांधावरची बाभूळ तोडून तरी. मी घेतला तो कार्बन कागद लावून, तीन प्रतींमध्ये. आमच्या घराण्यात शौर्याची परंपरा नाही. आजोबा बैल बुजला की झाडावर चढत, आणि बैल शांत झाला तरी संध्याकाळपर्यंत उतरत नसत. त्यांच्या नातवाकडून याहून मोठ्या पराक्रमाची अपेक्षा कुणी करू नये. पण घेतला तो सूड पक्का घेतला, आणि त्याची आठवण आली की अजूनही मला एक भाकर जास्त जाते. बायको म्हणते, वय झालं, आता तरी तो राग सोडा. मी म्हणतो, भाकर वाढ.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. वणीला रेल्वेच्या मालधक्क्याजवळ एका शेठच्या ट्रान्सपोर्टमध्ये मी कारकून होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक लष्करी लॉरी शेठनं घेतली होती, आणि तिच्यामागे जोडायचा एक बुटका, पुष्कळ चाकांचा ट्रेलर. कोळसा, चुना, सरकी असला माल कुणीही नेई. आमच्याकडे येई तो अवजड माल: बॉयलर, इंजिनं, रुईच्या गाठी दाबायचे प्रेस. असा बोजा ट्रेलरवर चढवायला तांड्यावरची माणसं लोखंडी सबली आणि लाकडी ओंडके घेऊन दिवसभर घाम गाळत. मी सावलीत बसून घाम गाळत असे, कारण कागद माझ्याकडे होते.

हे कागद म्हणजे साधी बिल्टी नव्हे. माल रेल्वेनं आला त्याची रसीद. मालाचं वजन, लांबी, रुंदी, उंची असं सगळं लिहून माल घेणाऱ्यानं द्यायचा वजनमापाचा कागद. वाटेत कोणता पूल, कोणती मोरी, कुठे नाल्यातला फरशीचा रपटा, कुठे तारा खाली आल्यात, कुठे लिंबाची फांदी आडवी आहे, असा रस्त्याचा कागद. हे सगळं जोडून बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरकडे द्यायचं. तो ते घेऊन यवतमाळला जाई, तिथून परवानगी आली की मगच चाकं हलायची. आणि शेठचा एक नियम होता, जो इतर कुठल्या ट्रान्सपोर्टमध्ये मी पाहिला नाही. कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही. पूर्वी एका मालगुजारानं सही करून नंतर ‘मी वाचलंच नव्हतं’ म्हणत हात वर केले होते. तेव्हापासून माल घेणारा वकील असो की अंगठेबहाद्दर, त्याला पुढ्यात बसवून मी कागद वाचायचो आणि तो जांभया द्यायचा.

या कामात मी कसा होतो? शेठच्या भाषेत, ‘आदमी अच्छा है, काम छोड़ के.’ वजनं मी कधी पडताळली नाहीत. भाडं वजनावर असल्यामुळे वजन कमी लिहिणं ही आमच्या धंद्यातली रीतच होती. माल घेणारे कमी लिहीत, मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असे. माझ्या अक्षराची मात्र तारीफ होई.

आता ज्याच्यावर सूड घ्यायचा तो माणूस. मारेगावकडच्या एका जिनिंग फॅक्टरीचा हा मॅनेजर. काळी टोपी, करकरीत बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहायची सवय.

माझी मोठी बहीण, आमची ताई, शाळेत मास्तरीण होती. वडील लवकर गेले. घर तिनं चालवलं, आणि मला मॅट्रिकही तिनंच केलं. मी त्या परीक्षेला इतक्या वेळा बसलो की परीक्षेचे मास्तर माझ्या तब्येतीची चौकशी करायचे. ताईला स्थळ म्हणून हा मॅनेजर आपल्या मुलासाठी आला. पोहे झाले, चहा झाला, मग त्यानं वर्तमानपत्र पुढे केलं. “वाचून दाखवा.” मुलगी खरंच शिकली आहे का हे पाहायला तेव्हा असं वाचायला लावत. ताईनं वाचलं. शेवटच्या बाकावरच्या पोरापर्यंत पोचायची सवय झालेला तिचा आवाज, आमच्या एवढ्याशा ओसरीत मावणार कसा? मॅनेजर भिंतीकडे पाहून हसला. आम्हाला वाटलं, खूष झाला.

आठवड्यानं त्याचा गाडीवान आला. चिठ्ठी नाही, मध्यस्थ नाही. गाडीवरून खाली न उतरता, हातातला कासरा तसाच धरून, त्यानं दारातून हाळी दिली, “मॅनेजरसायबानं सांगतलं, पोरगी पसंत नाही! म्हने फॅक्टरीत एक भोंगा हाये, घरात दुसरा कायले पाह्यजे!”

समोरच्या ओट्यावर कुणीतरी फस्सकन हसलं. झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत, दुसऱ्या दिवशी शाळेत. ताई निघाली की पोरं कोपऱ्यामागून ‘भों’ करत. त्यानंतर दोन स्थळं आली ती गल्लीच्या तोंडापासूनच मागे फिरली, तोंडाशी बसणाऱ्यांनी घराचा पत्ता नको त्या नावानं सांगितला म्हणून. ताई रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त हळू बोलायला सुरुवात केली. घरात, विहिरीवर, वर्गातसुद्धा. इतकं हळू की माय चुलीपासून ओरडायची, “काय म्हंतं वं? आयकू नाही येऊन राह्यलं!” हेडमास्तरांनी शेरा मारला की बाईंचं शिकवणं मागच्या पोरांना ऐकू जात नाही. असाच आणखी एक शेरा आला असता तर नोकरीवरच गदा आली असती.

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. हा माणूस आमच्या ओसरीवर पुन्हा आला पाहिजे. स्वतःच्या गरजेनं, स्वतःच्या पायांनी. आल्यावर काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. कानफटात मारायचा विचार केला होता, पण त्याची उंची पाहता मला पाट घ्यावा लागला असता.

आणि एके दिवशी मालधक्क्यावर त्याच फॅक्टरीचा नवा बॉयलर उतरला.

दसरा होऊन गेला होता. कापूस निघायला लागला होता, आणि फॅक्टरीच्या मुहूर्तापूर्वी बॉयलर जागेवर बसणं जरूर होतं. मॅनेजरनं वजनमापाचा कागद पाठवला. रीतीप्रमाणे वजन कमी. नुसत्या टाकीचं लिहिलेलं, तिच्याबरोबरची नळकांडी, झाकणं, दारं सगळी गायब. मी रेल्वेची रसीद काढली. आयुष्यात पहिल्यांदा दोन कागद शेजारीशेजारी ठेवून वाचले, आणि मला एकदम कळलं की प्रामाणिकपणा हे केवढं धारदार हत्यार आहे! माझ्या हाताशी ते इतकी वर्षं पडून होतं, आणि मी त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

मी कागद परत केला. दुसरा आला, उंची चुकलेली. तो परत केला. तिसऱ्यावर नुसती कारकुनाची सही. परत. शेवटी मॅनेजर स्वतः ऑफिसात आला.

“अरे, सगळे असंच लिहितात,” तो माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरला म्हणाला.

“लिहितात सायेब. पण मोरीले वाचता येत नाही. तिच्यावर जेवढं चढते तेवढंच तिले समजते.”

शेठनं मला बाहेर ओढलं. “बाबू, तबीयत ठीक है ना? आजलोक कधी वजन पाह्यलं तू?”

“शेठ, मोरी बसली तं ट्रेलर आपला जाईन.”

शेठ माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. इतका शहाणपणा माझ्या तोंडून ऐकायची त्याला सवय नव्हती. पण ट्रेलर त्याला मुलासारखा. तो आत जाऊन मॅनेजरला म्हणाला, “कागद सही करून आणा. हा पोरगा बरोबर बोलून राह्यला.”

मॅनेजर तणतणत गेला. जाताना, येताना, एकदाही त्यानं मला ओळख दाखवली नाही. मला वाटलं, मुद्दाम. माझा राग आणखी शिजला.

मग रस्त्याचा कागद. याची आमची पद्धत अशी की बैलगाडीवर बांबूची चौकट उभारायची. ट्रेलरवर चढवल्यावर बोजा जेवढा उंच आणि रुंद होईल तेवढीच ती करायची, आणि ती गाडी सगळ्या वाटेनं हाकत न्यायची. जिथे चौकट अडेल तिथे बॉयलर अडणार. मी आणि तांड्यावरचा आमचा मुकादम निघालो. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ मुलूखभर वाहिलेलं. तो सगळ्या वाटेनं हसत होता. “बाबू, आमच्या लोकायनं एवढं वाह्यलं, पन वारा मोजत कोनी नाही गेलं.” एका खेड्यात म्हाताऱ्यानं आमची बांबूची चौकट पाहून डोक्याचं फडकं काढलं, हात जोडले.

“कोन गेलं, बावा?”

“कोनी नाही गेलं, बॉयलर येऊन राह्यला.”

“मंग रिकामी काहून नेता?”

मुकादमानं बैल हाकले.

एरवी मी हे काम पहिल्या लिंबाखाली झोपून पुरं करत असे. त्या दिवशी एक फांदी सोडली नाही. प्रत्येक मोरीत वाकून पाहिलं, एकीत पडलोही. तारेखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर पाहिलं. सुडाच्या पायी मी जिल्ह्यातला उत्तम कारकून झालो होतो, आणि हे बघायला शेठ तिथे नव्हता.

फॅक्टरीच्या दाराशी पोचलो आणि चौकट वर खट्टकन वाजली. बैल थांबले. वर पाहिलं तर कोरी करकरीत कमान. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. मुहूर्ताला मोठी माणसं येणार म्हणून मॅनेजरनं हौसेनं बांधून घेतलेली. वर फॅक्टरीच्या मालकाचं नाव, आणि खाली, जवळजवळ तेवढ्याच अक्षरात, ‘व्यवस्थापक’ म्हणून स्वतःचं. बॉयलर तिच्याखालून जाणं शक्य नव्हतं, आणि बाजूला दोन्हीकडे पक्की भिंत.

“लिवता का, बाबू?” मुकादमानं विचारलं.

मी पेन्सिल खिशात ठेवली. आमची हद्द दारापर्यंत. आतलं माल घेणाऱ्यानं पाहायचं. बॉयलरच्या स्वागताला वाजंत्री वाजत असताना, जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत बॉयलर कमानीला जाऊन भिडेल, त्याच्या नावाचे तुकडे होतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि परतीची सगळी वाट मी शीळ वाजवली. मला शीळ वाजवता येत नाही. बैलांनी सोसलं.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मी ताईला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. खाली मान घालून, त्या नव्या बारीक आवाजात म्हणाली, “लिही.”

“काहून? फजिती होऊ दे ना त्याची!”

“फजिती तुमची होईन. तो म्हनन, ट्रान्सपोर्टवाल्यायनं पाह्यलंच नाही. लोकं तुले हासतीन, त्याले नाही.” दोन खडे बाजूला टाकून तिनं विचारलं, “सही घ्याच्या आधी वाचून दाखवा लागते ना?”

“हो.”

“कोन वाचते?”

“मीच.”

“तुले ‘अडथळा’ तरी नीट म्हंता येते का?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती तुरीकडेच पाहत होती. पण तिचा हात थांबला होता.

मी लिहिलं. आणि शनिवारी कागद कापडी पिशवीत घालून घरी आणले. ओव्हरसियर सोमवारी सकाळच्या मोटारीनं यवतमाळला जाणार होता. त्यानं कागद नेले नाहीत तर परवानगी मुहूर्तानंतर येणार. मॅनेजरला निरोप धाडला: रविवारी ऑफिस बंद, कागद कारकुनाच्या घरी आहेत, सही करून द्यावी.

तो आला. दमणीतून आला, आणि दमणी हाकायला तोच गाडीवान. उन्हातून आल्यानं मॅनेजरचा चेहरा लाल झाला होता. ओसरीच्या पायरीवर त्याचा बूट वाजला तेव्हा मी ताडकन उभा राहिलो, ते भीतीनं की आनंदानं, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक भीतीनंच.

“कागद कुठाय?”

“हाये सायेब. पण वाचून दाखवल्याबिगर आमच्यात सही घेत नाहीत.”

“मग वाच ना लवकर.”

मी खोकलो. बरा दिसेल असा खोकला मी सकाळपासून बसवला होता. “माझा घसा बसला. ताई वाचन.”

ताई आली. तिनं कागद घेतला, त्याच्यासमोर उभी राहिली. पहिली ओळ तोंडातल्या तोंडात गेली. मॅनेजरनं कपाळाला आठ्या घातल्या. “ऐकू येत नाही, बाई.”

ताईनं कागद खाली केला. एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर धरला, आणि जो आवाज गल्लीनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता तो ओसरीतून निघाला आणि समोरच्या कौलांवर जाऊन आदळला. ती शुद्धलेखन सांगतात तसं वाचत होती. प्रत्येक वाक्य दोनदा.

“माल घेणाऱ्यानं आधी दिलेलं वजन खोटं निघालं. खोटं निघालं. पूर्णविराम.”

एवढं कडक मी लिहिलं नव्हतं. मी ‘जुळले नाही’ असं लिहिलं होतं. पण मास्तरणीला दुरुस्तीचा अधिकार असतो.

समोरचं दार उघडलं. मग शेजारचं. विहिरीवरून घागरी घेऊन येणाऱ्या बाया तिथेच थांबल्या. एकीनं घागर उतरवली सुद्धा. ताईनं सगळ्या मोऱ्या वाचल्या, सगळ्या फांद्या, सगळ्या तारा. मॅनेजर या पायावरून त्या पायावर होत होता. मग ती शेवटाला आली.

“फॅक्टरीच्या दारावरील नवी कमान बोज्याला अडथळा करते. कमान पाडून द्यावी लागेल. पाडून, द्यावी, लागेल. पूर्णविराम. जबाबदारी व्यवस्थापकाची.”

“कमान?” मॅनेजर म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा त्याची नजर भिंतीवरून खाली आली. त्यानं पुन्हा एकदा ते वाक्य वाचायला सांगितलं. ताईनं आनंदानं वाचलं. त्यानं कपाळ पुसलं, कागद पाहिला, आकडे पाहिले, आणि त्याला कळलं की यातून सुटका नाही. मग माणूस सावरायला काहीतरी गोड बोलतो तसं तो म्हणाला, “आवाज मात्र स्वच्छ आहे बाई तुमचा. कुठल्या शाळेत असता?”

मी आ वासून पाहत राहिलो. हा माणूस ओळख लपवत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं!

“ऐकला हाये हा आवाज तुम्ही,” ताई म्हणाली. “ह्याच ओसरीवर. पेपर देऊन वाचाले लावलं होतं.”

तो आठवायला लागला. ओसरीकडे, खुंट्यांकडे, माझ्याकडे पाहिलं. “असेल, असेल. मुलासाठी त्या साली बऱ्याच मुली पाहिल्या आम्ही.”

घागरवाली मोठ्यानं म्हणाली, “वा रे पाहनारे! अन् नापसंती गाडीवानाच्या तोंडून धाडली, ते बी तुमीच का?”

बाहेर गाडीवान बैलाच्या कानातली गोचीड शोधायला लागला.

मॅनेजरनं खिशातून पेन काढलं. टोपण निघेना. ताईनं कागद पाटीवर ठेवून पुढे केला, बोटानं जागा दाखवली, “पूर्ण सही करा.” त्यानं केली. आणि ती कागद परत घेताना म्हणाली, त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत, “कमानीचं मालकाले तुम्ही सोता सांगान, का गाडीवान धाडान?”

गल्ली हसली. ज्या ओट्यावरून पूर्वी फस्सकन हसू आलं होतं, तोच ओटा आता मांडीवर थाप मारून हसत होता. लोकांचं हे असंच. मला त्यांचाही थोडा सूड घ्यायचा आहे, पण ते कागदांवाचून जमणार नाही. मॅनेजर पायरी उतरला. दमणी वळायला गल्ली अरुंद, म्हणून बैल मागे-पुढे करत गाडीवानाला चांगला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी त्या दोघांना नीट पाहून घेतलं.

परवानगी वेळेवर आली. बॉयलर निघाला तेव्हा मी लाल झेंडी घेऊन पुढे चालत होतो, छाती एवढी काढून की शेठनं दोनदा विचारलं, पाठ दुखते का. फांद्या छाटलेल्या होत्या, तारा माणसांनी टोकाला दुबेळकं असलेल्या बांबूंनी वर उचलून धरल्या, मोऱ्या टिकल्या. फॅक्टरीच्या दारात कमान नव्हती. दोन्ही बाजूंना गुडघाभर थोटकं आणि खाली चुन्याचा चुरा. मालकाचं नाव असलेला दगड कुणीतरी जपून भिंतीला टेकवून ठेवला होता. दुसरं नाव चाकांखालच्या भरावात गेलं असावं. मी खात्री करून घ्यायला वाकून पाहिलं. हो, ‘व्यव’ एवढं दिसत होतं. ट्रेलरची सगळी चाकं त्यावरून जाईपर्यंत मी झेंडी हलवत राहिलो. तेवढी हलवायची गरज नव्हती.

घरी येऊन मी हे सगळं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा चाकांची संख्या थोडी वाढवून. ताई ऐकत होती, हसत होती, मधेच चुका काढत होती, आणि तिचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत जात होतं. माय मात्र चुलीशी भाकरी थापत होती. कमानीत तिला काही गोडी दिसेना.

“त्या दिशी तो उन्हातून आला,” ती शेवटी म्हणाली. “त्याले पानी विचारलं होतं का कोनी?”

आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी तांब्या देतात, मग भांडतात. आणि त्या दिवशी खरंच कुणी विचारलं नव्हतं.

“नाही,” ताई म्हणाली.

“त्यानं मांगतलं?”

“नाही.”

“मांगतलं असतं तं?”

ताईनं चुलीत एक काटकी सारली. “देलं असतं. पन उभ्यानंच.”

मायनं भाकर तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

“मंग मांगाले पाह्यजे होतं मेल्यानं,” ती म्हणाली.